युद्धातील जखमा आणि भाजणे : लष्करी वैद्यकीय संशोधनाचा आढावा

युद्धात जखमी झालेल्या आणि भाजलेल्या माणसांवरील उपचारांचे संशोधन हे वैद्यकशास्त्रातील एक अवघड क्षेत्र आहे. अभ्यासाचा विषय असलेले रुग्ण येथे थोड्या काळात मोठ्या संख्येने समोर येतात, ते बहुधा तरुण व एरवी निरोगी असतात आणि त्यांच्या जखमांचे स्वरूपही बरेचसे सारखे असते. मात्र शांतपणे तुलना करून निष्कर्ष काढण्याची सवड याच परिस्थितीत कोणालाही नसते. युद्धामुळे वैद्यक पुढे जाते हे विधान वारंवार केले जाते, पण इतिहास त्याला सरसकट दुजोरा देत नाही. जखमींची संख्या वाढली म्हणून ज्ञान वाढले असे फारसे घडलेले नाही. उपचार आणि त्याचा परिणाम यांची नोंद जिथे ठेवली गेली, मृत्यूचे कारण जिथे शवविच्छेदनाने तपासले गेले आणि प्रचलित उपचारच घातक असू शकतो ही शक्यता जिथे मान्य केली गेली, तिथे ते वाढले. आणि शांततेच्या काळात ते जपणारी संस्था जिथे नव्हती, तिथे ते पुढच्या युद्धापर्यंत विसरले गेले.

या तुलनेच्या दृष्टीचे एक आरंभीचे उदाहरण सोळाव्या शतकातील आहे. बंदुकीच्या दारूमुळे जखमेत विष भिनते अशी तेव्हाच्या युरोपीय शल्यवैद्यांची समजूत होती आणि ते विष जाळण्यासाठी जखमेत उकळते तेल ओतण्याचा प्रघात होता. १५३७च्या सुमारास तुरिनच्या मोहिमेत फ्रेंच शल्यवैद्य अम्ब्रवाझ पारे याच्याजवळचे तेल संपले, तेव्हा उरलेल्या जखमींना त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी त्याला आढळले की लेपवाल्यांच्या वेदना आणि सूज कमी होती, तर तेल ओतलेले तापाने फणफणत होते. ही तुलना टंचाईने घडवून आणली असली, तरी तिचा अर्थ ओळखून ती १५४५ मध्ये ग्रंथरूपाने मांडण्याचे भान पारेने दाखवले, म्हणूनच ती उपयोगाची ठरली.

पुण्याशी निगडित असलेले एक उदाहरणही याच संदर्भात महत्त्वाचे आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या ताब्यात सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, कुंभार जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, तिचे सचित्र वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले आणि त्याच्या आधाराने जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचा उपयोग सांगितला आहे. कपाळाच्या कातडीची पद्धत मात्र कारागीर घराण्यांनी जपलेली होती. आधुनिक सुघटन शल्यचिकित्सेच्या, म्हणजे प्लास्टिक सर्जरीच्या, उगमाशी असलेल्या त्या कारागिराचे नाव त्या वृत्तान्तात नाही, ही उणीव आजही मनाला लागते.

पहिल्या महायुद्धाने जखमेविषयीचे पूर्वीचे बहुतेक आडाखे मोडून काढले. फ्रान्स आणि बेल्जियममधील शेणखत घातलेल्या शेतांतून खंदक खोदले गेले होते, आणि तोफगोळ्यांच्या छर्‍यांबरोबर ती माती आणि गणवेशाच्या चिंध्या स्नायूंत खोलवर जात. अशा जागी प्राणवायू पोचत नसल्याने तेथे वायुकोथाचे, म्हणजे गॅस गँगरीनचे, जंतू वाढत आणि दोन-तीन दिवसांत रुग्ण दगावत असे. डॉक्टर जखमेत तीव्र जंतुनाशके ओतत होते. बुलोन येथील प्रयोगशाळेत ॲल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला अणकुचीदार पोकळ टोके काढून कृत्रिम जखम तयार केली आणि असे दाखवले की जंतुनाशक त्या टोकांपर्यंत पोचत नाही, उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना मात्र मारते. यातून आणि बेल्जियन शल्यचिकित्सक अन्त्वान दपाज यांच्यासारख्यांच्या अनुभवातून जो नियम तयार झाला, तो आजही युद्धजखमेचा पहिला नियम आहे : मेलेले मांस, माती व कापड पूर्णपणे छाटून काढावे, जखम लगेच शिवू नये, ती उघडी ठेवून काही दिवसांनी स्वच्छ दिसल्यावरच बंद करावी. पेनिसिलिनच्या आगमनानंतरही हा नियम बदलला नाही, आणि प्रतिजैविकांवर विसंबून त्याकडे जिथे दुर्लक्ष झाले, तिथे पुन्हा हात-पाय गमावले गेले.

याच युद्धात रक्त साठवून देण्याची सोय झाली. रक्तात सायट्रेट मिसळले की ते गोठत नाही हे १९१४ मध्ये कळले होते. १९१७ मध्ये अमेरिकी डॉक्टर ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी आघाडीजवळ बर्फात रक्ताच्या बाटल्या साठवून पहिली रक्तपेढी चालवली. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी अमेरिकी लष्कराचा भर पुन्हा केवळ प्लाझ्मावर, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या पिवळसर रक्तद्रवावर होता, आणि मोठा रक्तस्राव झालेल्याला पूर्ण रक्तच लागते हे उत्तर आफ्रिकेत एडवर्ड चर्चिल यांना १९४३ मध्ये नव्याने पटवून द्यावे लागले. या विस्मरणाचा पुढेही संबंध येणार आहे.

भाजण्याच्या उपचारांचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण भाजलेला माणूस एकाच आजाराने दगावत नाही. पहिल्या दोन दिवसांत तो शॉकने, म्हणजे रक्ताभिसरण ढासळून, जाऊ शकतो. पुढच्या आठवड्यांत जंतुसंसर्गाने. आणि यातून वाचला तरी आक्रसलेली कातडी त्याचे हात, पापण्या व मान जखडून टाकते. शिवाय धुराने फुफ्फुसे होरपळली असतील तर धोका कितीतरी वाढतो. यांतील प्रत्येक अडचण वेगवेगळ्या काळात सुटत गेली आणि एक सुटल्यावरच पुढची नीट दिसू लागली.

१९२५ मध्ये डेट्रॉइटमधील एडवर्ड डेव्हिडसन यांनी भाजलेल्या भागावर टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत सुचवली; त्यामुळे जखमेवर चामड्यासारखी कडक खपली धरते आणि द्रव झिरपणे कमी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश हवाई दलाचा हा मान्य उपचार होता. वैमानिकांच्या पेटलेल्या इंधनाने भाजलेल्या हातांवर मात्र हीच खपली काळ ठरली, कारण ती बोटांभोवती आवळत जाऊन त्यांचा रक्तपुरवठा तोडत असे आणि पापण्या मागे खेचून डोळे उघडे टाकत असे. ईस्ट ग्रिन्स्टेड येथील आर्चिबाल्ड मॅकइंडो यांनी समुद्रात उतरलेल्या वैमानिकांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात या निरीक्षणाकडे लक्ष दिले, टॅनिक आम्लाविरुद्ध आग्रहाने बाजू मांडली आणि त्याऐवजी कोमट खारट पाण्याचे स्नान, मऊ पट्ट्या व लवकर त्वचारोपण यांचा अवलंब केला. त्यांच्या रुग्णांनी १९४१ मध्ये स्थापन केलेल्या ‘गिनी पिग क्लब’चे युद्धाअखेर ६४९ सदस्य होते. मॅकइंडो यांचे मोठेपण केवळ शस्त्रक्रियेत नाही. रुग्णांना निळ्या रुग्णवेषाऐवजी गणवेशात राहू देणे, विद्रूप चेहऱ्यांनिशी गावात हिंडू देणे आणि गावकऱ्यांना त्यांच्याशी सहज वागण्यास तयार करणे हा त्यांनी उपचाराचाच भाग मानला, आणि भाजलेल्यांच्या पुनर्वसनाचे शास्त्र खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते. त्यांच्याआधी पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज यांनी सिडकप येथे चेहऱ्याच्या जखमांवर हजारो शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि जटलंडच्या लढाईत भाजलेल्या एका खलाशासाठी १९१७ मध्ये कातडीची नळी करून ती टप्प्याटप्प्याने हलवण्याची पद्धत वापरली होती.

शॉकचे कोडे मात्र रणांगणावर सुटले नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवनच्या नाट्यगृहाला लागलेल्या आगीतील रुग्ण तपासून फ्रँक अंडरहिल यांनी दाखवले की फोडांतील पाणी रक्तद्रवासारखेच असते, म्हणजे भाजलेला माणूस जखमेतून स्वतःच्या रक्ताचा पातळ भाग गमावत असतो. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे मेली. तेथील रुग्णालय युद्धकालीन सरकारी निधीतून भाजण्यावर आधीच संशोधन करत होते, त्यामुळे ऑलिव्हर कोप व फ्रान्सिस मूर यांना शरीरातील पाण्याचा हिशेब मांडता आला. त्यातूनच पुढील सूत्रे आली. टेक्ससच्या पार्कलंड रुग्णालयातील चार्ल्स बॅक्स्टर यांच्या १९६८च्या सूत्रानुसार दर किलो वजनामागे आणि भाजलेल्या दर टक्क्यामागे चार मिलिलिटर क्षारद्रव चोवीस तासांत द्यायचा असतो, त्यातील निम्मा पहिल्या आठ तासांत. साठ किलो वजनाचा, ४० टक्के भाजलेला जवान घेतला तर हा हिशेब ९,६०० मिलिलिटरचा, आणि सुरुवातीला ताशी ६०० मिलिलिटरचा होतो. सॅन अँटोनियो येथील लष्करी केंद्राचे सुधारित ब्रुक सूत्र याच्या निम्माच द्रव सांगते.

हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी इराक युद्धात त्याने जीव घेतले. आघाडीवरील पथक, विमानातील पथक आणि जर्मनीतील रुग्णालय यांपैकी प्रत्येकाने सावधगिरी म्हणून थोडा जास्त द्रव दिला, आणि सॅन अँटोनियोला पोचेपर्यंत जवानाच्या शरीरात इतके पाणी साठलेले असे की पोटातील दाब वाढून मूत्रपिंडे व आतड्यांचा रक्तपुरवठा बंद पडत असे. अशा वाढत्या द्रवमात्रेविषयी बेसिल प्रुइट यांनी २००० मध्येच इशारा दिला होता. उपाय कोणत्याही औषधात नव्हता. प्रत्येक तासाला किती द्रव दिला आणि किती लघवी झाली हे लिहिण्याचा एकच तक्ता रुग्णाबरोबर सगळीकडे पाठवणे सुरू झाले, आणि या घातक गुंतागुंतीचे प्रमाण लक्षणीयरीत्या उतरले. धावपळीत गुंतागुंतीचे गणित चुकते म्हणून पुढे त्याच केंद्राने ‘दहाचा नियम’ मांडला : ४० ते ८० किलो वजनाच्या प्रौढाची भाजण्याची टक्केवारी गुणिले दहा, इतके मिलिलिटर दर तासाला सुरू करावे आणि नंतर लघवी पाहून कमी-जास्त करावे. वरील जवानासाठी हे ताशी ४०० मिलिलिटर येते, म्हणजे दोन्ही जुन्या सूत्रांच्या दरम्यान.

हे केंद्र, म्हणजे अमेरिकी लष्कराची शल्यसंशोधन संस्था, या क्षेत्रातील सातत्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९४३ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रतिजैविकांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेला हा छोटा विभाग १९४७ मध्ये सॅन अँटोनियोला हलला आणि अणुयुद्धात एकाच वेळी हजारो माणसे भाजतील या धास्तीने भाजण्याच्या अभ्यासाकडे वळला. युद्ध नसतानाही त्याने आसपासच्या नागरी रुग्णांवर उपचार चालू ठेवले, त्यामुळे कौशल्य व नोंदी दोन्ही टिकल्या. शॉकमधून वाचलेले रुग्ण पुढे स्यूडोमोनास या जंतूच्या संसर्गाने मरतात हे १९५०च्या दशकात तेथे स्पष्ट झाले, आणि १९६०च्या दशकात त्यावर मॅफेनाइड हे मलम आणले गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन डॉक्टर हेच द्रव्य जखमांवर वापरत होते. त्याचा नव्याने, मोजमापासह, अभ्यास होण्यास वीस वर्षे गेली. ते लावल्यावर असह्य आग होते आणि रक्तातील आम्लता वाढते, म्हणून १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी तयार केलेल्या सिल्व्हर सल्फाडायझिनने बऱ्याच ठिकाणी त्याची जागा घेतली. मात्र सर्वांत मोठा बदल घडवला तो युगोस्लाव्हियातील मारिबोर येथील नागरी शल्यचिकित्सक झोरा यान्झेकोविच यांनी. जळालेली कातडी गळून पडण्याची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच ती थराथराने तासून काढावी आणि लगेच कातडी बसवावी, असे त्यांनी १९७० मध्ये मांडले, आणि मोठ्या भाजण्यातील जगण्याचे प्रमाण तेव्हापासून उंचावत गेले.

तासून काढल्यावर बसवायची कातडी कोठून आणायची, हा प्रश्न मात्र उरतोच. दुसऱ्याची कातडी काही दिवसांनी गळून पडते हे डॉक्टरांना माहीत होते. का, ते माहीत नव्हते. ब्रिटिश युद्धजखमा समितीने भाजलेल्या वैमानिकांसाठी हा प्रश्न पीटर मेडावार यांच्याकडे सोपवला, आणि त्यांनी टॉम गिब्सन यांच्यासह ग्लासगो येथे घरात भाजलेल्या एका स्त्रीवर भावाच्या कातडीचे तुकडे दोनदा बसवून पाहिले. दुसऱ्या वेळचे तुकडे पहिल्यापेक्षा लवकर गळले, याचा अर्थ शरीराने परकी कातडी ओळखून लक्षात ठेवली होती. १९४३च्या या निबंधापासून रोपणाला होणाऱ्या प्रतिकाराच्या अभ्यासाची आणि पुढे अवयवरोपणाची वाट निघाली आणि १९६० मध्ये मेडावार यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परकी कातडी तात्पुरते आच्छादन म्हणून चालते; कायमची कातडी रुग्णाचीच लागते. अमेरिकी सरकारी व लष्करी निधीने अलीकडे या दिशेने बरेच काम झाले असून रुग्णाच्या थोड्याशा कातडीतील पेशी सुट्या करून जखमेवर फवारणारी पद्धत २०१८ मध्ये, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींची ‘स्ट्रॅटाग्राफ्ट’ ही कातडी २०२१ मध्ये तेथे मान्यता पावली. घाम, केस आणि पूर्ण लवचीकता असलेली कातडी अद्याप कोणी बनवू शकलेले नाही.

या इतिहासात एक काळा अध्याय आहे आणि कोणत्याही आढाव्यात तो वगळता येत नाही. १९४२ मध्ये प्रागमध्ये हल्ल्यात जखमी झालेला नाझी अधिकारी हायड्रिख जंतुसंसर्गाने मेला, तेव्हा सल्फा औषधे न वापरल्याचा ठपका डॉ. कार्ल गेबहार्ट याच्यावर आला. तो दूर करण्यासाठी त्याने राफेन्सब्रुक छळछावणीतील पोलिश कैदी स्त्रियांच्या पायांना मुद्दाम चिरा पाडून त्यांत जंतू, लाकडाचे तुकडे आणि काच भरली. बुखेनवाल्डमध्ये कैद्यांना फॉस्फरसने जाळून मलमे तपासली गेली. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये रुग्णाच्या ऐच्छिक संमतीचे तत्त्व लिहिले गेले ते याच पार्श्वभूमीवर. तरीही लष्करात संमतीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, कारण आज्ञापालन हेच ज्याचे जीवन आहे त्या सैनिकाचा होकार कितपत ऐच्छिक असतो, आणि बेशुद्ध जखमीच्या वतीने कोणी होकार द्यायचा, याचे उत्तर प्रत्येक नव्या चाचणीत शोधावे लागते.

रक्तस्रावाच्या बाबतीत शिकणे व विसरणे हे चक्र सर्वांत ठळक दिसते. दोन युद्धांमधील काळात लष्करी वैद्यकाची गुणवत्ता घसरते, या घसरणीला ब्रिटिश नौदलातील डॉक्टर ॲलास्डेर वॉकर यांच्या नावाने ‘वॉकर डिप’ म्हटले जाते. टूर्निकेट, म्हणजे हाता-पायाभोवती आवळून रक्त थांबवणारा पट्टा, याचा इतिहास म्हणजे या घसरणीचा आलेखच आहे. तो शतकानुशतके वापरात होता. पण महायुद्धांत रुग्ण तासन्तास वाटेत पडून राहत, पट्ट्याखालचा अवयव सडत असे आणि त्यामुळे टूर्निकेट हा शेवटचा, जवळजवळ निषिद्ध उपाय ठरला. वाहतूक जलद झाल्यावरही हा निषेध शिकवला जात राहिला. व्हिएतनाममधील मृत्यूंच्या नोंदी तपासून रोनाल्ड बेलमी यांनी १९८४ मध्ये, आणि त्या आधारावर फ्रँक बटलर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये, हाता-पायाच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत असे दाखवून टूर्निकेट प्रथम वापरावे असे सुचवले. विशेष दलांखेरीज कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. ज्या रेंजर रेजिमेंटने आपल्या प्रत्येक सैनिकाला हे शिकवले, तिच्या २००१ ते २०१० मधील ४१९ जखमींत रुग्णालयाआधी टाळता आला असता असा एकही मृत्यू आढळला नाही. बगदादमधील जॉन क्रॅग यांच्या २३२ रुग्णांच्या अभ्यासात शॉकपूर्वी पट्टा आवळलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगले आणि शॉकनंतर आवळलेल्यांपैकी केवळ १० टक्के.

मात्र पट्टा छाती-पोटाला बांधता येत नाही. २००१ ते २०११ या काळातील ४,५९६ अमेरिकी मृत्यूंच्या पाहणीत रुग्णालयात पोचण्यापूर्वी मेलेल्यांपैकी ९७६ जण कदाचित वाचू शकले असते असे आढळले. त्यांपैकी ९१ टक्के रक्तस्रावाने गेले होते आणि त्यातही दोन तृतीयांश धडातील रक्तस्रावाने. जांघ व काखेसाठी रक्त गोठवणाऱ्या पट्ट्या आल्या. त्यांतील पहिली, ज्वालामुखीय खनिजाची पूड, ओलाव्याने इतकी तापे की जखमच भाजत असे. नंतरची एक पूड रक्तवाहिनीत शिरून गुठळ्या करते असे दिसल्यावर २००९ मध्ये मागे घ्यावी लागली. शेवटी पांढऱ्या मातीचा, म्हणजे केओलिनचा, लेप असलेली साधी गॉज टिकली. उत्साहाच्या भरात पुराव्याआधी स्वीकारलेल्या उपायांत रक्त गोठवणारे महागडे सातवे घटकद्रव्य आहे आणि महारोहिणीत फुगा फुगवून खालचा रक्तस्राव रोखण्याची पद्धतही आहे; या दुसऱ्या पद्धतीच्या २०२३ मधील ब्रिटिश चाचणीत फुगा वापरलेल्यांचे मृत्यू ५४ टक्के, न वापरलेल्यांचे ४२ टक्के निघाले.

प्लाझ्माच्या प्रश्नातून नोंदींची मर्यादाही कळते. २००७ मध्ये इराकमधील २४६ रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की तांबड्या पेशींच्या जोडीने जवळजवळ तितकाच प्लाझ्मा मिळालेल्यांत मृत्यू १९ टक्के होते आणि फार कमी मिळालेल्यांत ६५ टक्के. पण गोठवलेला प्लाझ्मा वितळायला वेळ लागतो आणि लवकर मेलेल्यांना तो मिळण्याआधीच ते गेलेले असतात. म्हणजे प्लाझ्मामुळे रुग्ण जगले की जगल्यामुळे त्यांना प्लाझ्मा मिळाला, हे अशा नोंदींतून सांगता येत नाही. २०१५ मधील ६८० नागरी रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत, म्हणजे कोणाला काय द्यायचे हे दैवयोगाने ठरवलेल्या चाचणीत, तिसाव्या दिवशीच्या मृत्यूंतील फरक २२.४ विरुद्ध २६.१ टक्के इतकाच उरला आणि तो संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नव्हता, तरी रक्त वाहून होणारे सुरुवातीचे मृत्यू मात्र कमी झाले. याउलट ट्रॅनेक्झॅमिक आम्ल या स्वस्त औषधाचा, म्हणजे झालेली गुठळी विरघळू न देणाऱ्या द्रव्याचा, पुरावा नागरी रुग्णालयांतून आला. भारतासह ४० देशांतील २०,२११ रुग्णांच्या २०१० मधील चाचणीत मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले, आणि पुढील विश्लेषणात तीन तासांनंतर दिल्यास अपाय होतो असेही दिसले. हे औषध १९६०च्या दशकात जपानमध्ये शोधले गेले होते.

भारतीय लष्कराची गरज यांतील काही बाबतीत वेगळी आहे. १९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवरून जखमींना अनेकदा खांद्यावरून उतरवावे लागले, आणि थंडीत शरीराचे तापमान उतरले की रक्त गोठण्याची क्रियाच मंदावते, म्हणून तेथे जखमीला उबदार ठेवणे हा रक्तस्रावावरचाच उपचार असतो. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आणि १९४८ पासून सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि लष्करी डॉक्टरांचे अनुभव त्यांच्या नियतकालिकातून नोंदले जात आले आहेत. भाजण्याबाबत मात्र भारतातील मोठा अनुभव नागरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात, आणि स्वयंपाकघरात भाजणाऱ्या स्त्रियांचा त्यांत मोठा वाटा आहे. मुंबईत बटाट्याच्या उकडलेल्या सालींची आणि केळीच्या पानांची पट्टी तपासून पाहिली गेली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील तुलनेत केळीचे पान तितकेच गुणकारी आणि अधिक स्वस्त ठरले, आणि त्याच रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. कोट्यवधींच्या निधीतून निघालेल्या कृत्रिम कातडीपेक्षा, निदान वरवरच्या भाजण्यात, असे संशोधन कितीतरी अधिक रुग्णांपर्यंत पोचू शकते, आणि त्याला लष्करी संशोधनाइतकाच मान मिळायला हवा.

अफगाणिस्तानात हेलिकॉप्टरने तासाभरात रुग्णालय गाठण्याचा नियम २००९ मध्ये लागू झाला आणि मृत्यूंचे प्रमाण घटले. युक्रेनमध्ये आकाश ड्रोनने व्यापलेले असल्याने जखमी कित्येक तास, कधी दिवसभराहूनही अधिक काळ, खंदकातच राहतो, आणि महायुद्धांतील जुना प्रश्न परत आला आहे. गरज नसताना लावलेले टूर्निकेट तासन्तास तसेच राहून अवयव गेल्याची उदाहरणे तेथे घडली आहेत, म्हणून पट्टा आवळण्याबरोबरच दोन तासांच्या आत तो तपासून शक्य तेव्हा दाबपट्टीने बदलण्याचे शिक्षण आता दिले जात आहे. शिवाय जवळजवळ कोणत्याच प्रतिजैविकाला न जुमानणारे क्लेबसिएला जंतू तेथील जखमांत आढळत आहेत. भाजलेल्या सैनिकासाठी खंदकात शिरेवाटे द्यायला दहा लिटर द्रव नसतो. त्यामुळे मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देण्याच्या पद्धतीकडे संशोधक पुन्हा वळले आहेत. १९५०च्या दशकात पेरूमधील लिमा येथे भाजलेल्या रुग्णांवर ती तपासली गेली होती, आणि शिरेवाटेचे द्रव सुलभ झाल्यावर मागे पडली होती. १९७१च्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊनच पटकीचे मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले होते. भाजल्यानंतर आतडी सुस्तावतात आणि उलट्या होतात, त्यामुळे किती टक्के भाजलेल्याला, किती वेळाने आणि ताशी किती पाणी पचते, हे आता प्राण्यांवरील प्रयोगांतून आणि रुग्णांच्या नोंदींतून ठरवले जात आहे.